बरणीतलं झाड

१

मी तोंडात ब्रश धरून उभा होतो. मावशीनं पाहुणेखोलीचं दार वाजवलं आणि बाहेरूनच म्हणाली, "चूळ भर आणि चल. झाड फुटलंय."

सकाळी सकाळी झाड फुटल्याची बातमी ऐकून कुणालाही पालवी आठवेल. पण हे झाड बरणीतलं होतं, आणि ते फुटणं म्हणजे आमच्या सगळ्या मुक्कामाचं वाटोळं होणं होतं.

आधी मावशीबद्दल सांगतो. माझ्या आईची ही थोरली बहीण. आयुष्यभर तिनं शवविच्छेदन केलं. निवृत्त झाल्यावर बायका नातवंडं सांभाळतात. हिनं एका धर्मादाय न्यासाचं विश्वस्तपद घेतलं. जुन्या दवाखान्यांतले, वैद्यकीय महाविद्यालयांतले संग्रह मोडकळीला आले की हा न्यास पैसे देऊन ते वाचवतो. पैसे द्यायचे की नाही हे आधी जाऊन बघायचं काम मावशीचं. मी तिचा भाचा. लग्नांचे फोटो काढतो. संग्रहाचे फोटो काढायला तिला फुकटातला माणूस हवा होता आणि मला नाही म्हणता आलं नाही. रक्त बघितलं की मला घेरी येते हे तिला पुरतं ठाऊक आहे. तिच्या मते तो माझा आळस आहे.

या वेळचं संग्रहालय एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. लांबच लांब हॉल, दोन्ही भिंतींना काचेची कपाटं, आणि कपाटांत बरण्या. बरण्यांत माणसाच्या आत जे जे असतं ते सगळं. झाकणांच्या कडा गळत होत्या, स्पिरिट उडत होतं, छताला ओल आली होती. न्यासाचे पैसे मिळाले तर नवी झाकणं, नवं छत आणि आणखी शंभर वर्षांचं आयुष्य. नाही मिळाले तर अधिष्ठाते हॉल रिकामा करून तिथे वर्ग भरवणार होते.

त्या सगळ्या बरण्यांची राणी म्हणजे झाड. खरं तर ती एक वार होती. बाळापाठोपाठ आईच्या पोटातून पडते ती. संग्रहालयाच्या संस्थापकांनी शतकापूर्वी तिच्या रक्तवाहिन्यांत सुईनं लाल आणि निळा रंग भरला होता. मधोमध नाळेचं खोड, आणि ताटभर पसरलेल्या केसासारख्या बारीक फांद्या. विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्या तिला झाड म्हणत आल्या होत्या. न्यासाकडे केलेल्या मदतीच्या अर्जावरही तिचंच चित्र छापलेलं होतं.

आम्ही हॉलमध्ये शिरलो तेव्हा मधल्या लांब टेबलावर काचांचा खच पडला होता. काचांमध्ये ओलं थारोळं, आणि थारोळ्यात चुरगळलेल्या चपलेसारखं काहीतरी काळपट. त्याच्या तुटलेल्या कडांना लाल आणि निळे कण चिकटलेले. खिडकी सताड उघडी होती, पडदा आत फडफडत होता.

टेबलाशी संग्रहालयाची संवर्धिका, म्हणजे बरण्यांची देखभाल करणारी मुलगी, उभी होती. तिशीची असेल. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिच्या शेजारी सर, म्हणजे इथले मानद प्रमुख, शरीररचनेचे निवृत्त प्राध्यापक आणि तिचे वडील. आणि दोघांच्या समोर कमरेवर हात ठेवून अधिष्ठाते.

"बरं झालं आलात," अधिष्ठाते मावशीला म्हणाले. "काल संध्याकाळी हिनं बरणी कपाटातून काढून टेबलावर ठेवली आणि खिडकी उघडी टाकून घरी गेली. वाऱ्यानं पडदा उडाला, पडद्यानं बरणी पाडली. दुपारी तुमच्या न्यासाचे अध्यक्ष यायच्या आत हिचा राजीनामा माझ्या टेबलावर पाहिजे."

"मी खिडकीची कडी लावली होती," ती म्हणाली. "स्वतःच्या हातानं लावली होती."

पोटच्या पोरीवर आळ येत होता आणि बाप टेबलाकडे बघत उभा होता. मला त्यांचा रागच आला.

मावशीनं नाक टेबलाजवळ नेलं, हुंगलं, आणि ती सरळ झाली.

"कुणीही काहीही उचलायचं नाही," ती म्हणाली. "आणि राजीनाम्याची एवढी घाई कशाला? अजून पोरीचा चहा व्हायचाय."

२

आदल्या दिवशी याच टेबलावर मी झाडाचे फोटो काढले होते. तेव्हा घडलेल्या दोन बारीकशा गोष्टी सांगून ठेवतो. मला त्या बिनमहत्त्वाच्या वाटल्या होत्या, पण मावशीला तसं वाटत नव्हतं.

पहिली गोष्ट. लेन्स पुसायला मी संवर्धिकेकडून कापसाचा स्पिरिटचा बोळा मागून घेतला आणि वापरून झाल्यावर टेबलावर ठेवला. ती धावतच आली. "अहो, उचला, उचला तो! लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटनं लाख विरघळते." बोळा उचलला तर खाली रुपयाएवढा पांढरा डाग. तिनं हातानं घासून पाहिला, जाईना. मी ओशाळलो. "जाऊ दे," ती म्हणाली, "आमच्या टेबलाला तुमची आठवण."

दुसरी गोष्ट. झाडाच्या फोटोत एक गुलाबी झाक येत होती. मी दिवे हलवले, कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, पण झाक काही जाईना. शेजारच्या कपाटात संस्थापकांनीच रंग भरलेला एक हात होता, एक मूत्रपिंड होतं. त्यांच्या बरण्यांतलं स्पिरिट फिकट पिवळं होतं. गुलाबी फक्त झाडाचंच.

"झाडाचं असंच असतं," संवर्धिका म्हणाली. "रंग थोडा सुटतो. दर वर्षी स्पिरिट बदलावं लागतं. बाकी सगळ्या बरण्या मी बघते, पण ही सर स्वतः करतात. हात थरथरतात त्यांचे, तरी मला हात लावू देत नाहीत."

हॉलमध्ये ती वडिलांना सरच म्हणायची. घरी गेलं की बाबा.

संध्याकाळी मावशीनं सरांना सांगितलं की सकाळी ती झाडाच्या लाल रंगाचा कणभर नमुना घेणार. प्रयोगशाळेत तपासून वस्तू खरोखर संस्थापकांच्या हातची आहे याची खात्री झाली की मगच न्यास पैसे सोडतो. "कागदावर सह्या करणारी माणसं आहेत ती," मावशी म्हणाली होती, "त्यांना पुरावा लागतो." सर हसून म्हणाले होते, "घ्या की. बरणी आजच टेबलावर काढून ठेवायला सांगतो."

मी परत खोलीवर आलो आणि संगणकावर ती गुलाबी झाक पुसून फोटो स्वच्छ करून ठेवला. माझं काम चोख झालं म्हणून झोपही छान लागली.

३

मावशीनं तिघांनाही एकेकटं गाठलं. मी सोबत होतो, कारण अध्यक्षांच्या नावाखाली तिला सगळ्यांवर डोळे वटारता येत होते आणि माझ्या नावाखाली चहा मागवता येत होता.

अधिष्ठाते त्यांच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. "मला हॉल हवाय. मी ते लपवलेलं नाही. इकडे पोरांना बसायला जागा नाही, आणि तिकडे मेलेली माणसं ऐसपैस बसलीयेत."

"हॉलची किल्ली आहे तुमच्याकडे?"

"आहे. माझ्याकडे, सरांकडे आणि त्या मुलीकडे. पण मी तिथं पाऊल टाकत नाही. आणि बरणी फोडून मला काय मिळणार? न्यासानं नाही म्हटलं की हॉल तसाही माझाच."

"आणि हो म्हटलं तर?"

ते थांबले. "तर मी हात चोळत बसेन," ते म्हणाले. "पण दगडफेक करणार नाही. चाळीस वर्षं लोकांची हाडं जोडलीत मी, मोडली नाहीत."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "खोटं बोलतोय."

"तुला तो आवडला नाही, एवढंच," मावशी म्हणाली. "आवडनिवड आणि पुरावा वेगळा ठेव."

संवर्धिका मागच्या छोट्या खोलीत झाकणांना लावायचं मेण गरम करत बसली होती. हाताला काम हवं म्हणून करत असावी, कारण मेण उकळून धूर निघत होता तरी तिचं लक्ष नव्हतं. तिच्या गळ्यात दोरीला एक किल्ली होती.

"ही कसली?" मावशीनं विचारलं.

"स्पिरिटच्या कपाटाची. आगीच्या भीतीनं केलाय हा नियम. एकच किल्ली, आणि ती माझ्या गळ्यात. सरांनासुद्धा माझ्याकडूनच मागून घ्यावं लागतं."

"कालपासून कुणी मागितलं?"

"नाही."

"तुला काय वाटतं, कुणी केलं हे?"

तिचे डोळे भरून आले. "मला काही वाटत नाही. मला फक्त एवढं कळतं की कडी मी लावली होती. मी इथंच वाढले, बाई. आई गेली तेव्हा मी दोन-अडीच वर्षांची होते. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून सर मला इथं आणून बसवायचे. बाकीची मुलं बागेत खेळली, मी या कपाटांसमोर खेळले. मी झाडाला असं उघड्यावर का टाकेन?"

"तुझी आई काय करायची?"

"इथंच होती. नमुने बनवायची, रक्तवाहिन्यांत रंग भरायची. संस्थापकांनंतर तसा हात कुणाचाच नव्हता म्हणे."

"तिच्या हातचं काही आहे इथं?"

"सर म्हणतात, काही उरलं नाही." ती भानावर आली आणि तिनं गॅस बंद केला. "मी खूप शोधलं. चिठ्ठीवर तिचं नाव असलेली एकही बरणी नाही."

सर हॉलमध्ये खिडकीशी बसले होते. आता खिडकी बंद होती.

"सर, मुलीवर आळ आलाय," मावशी म्हणाली.

"हो."

"तुम्ही तिच्या बाजूनं अवाक्षर काढलं नाहीत."

त्यांनी मान खाली घातली. "अपघात आहे, बाई. अपघातात बाजू कसली? मी अधिष्ठात्यांची समजूत काढेन." मग एकदम पुढे झुकून म्हणाले, "पण तुमचं काम अडायचं कारण नाही. तुकडे आहेत ना. त्यांचा नमुना घ्या. तपासून घ्या. रंग संस्थापकांचाच निघेल, हे मी शपथेवर सांगतो. बाकीचा संग्रह तरी वाचवा. झाड गेलं म्हणून सगळी बाग जाळू नका."

त्यांचा आवाज असा काही फुटला की माझाही राग निवला. एवढा जीव लावलेला माणूस मी लग्नमंडपातसुद्धा कमीच पाहिला होता.

मावशी जिन्यात थांबली. "शपथेवर," ती म्हणाली. "रंगाची शपथ. पोरीच्या कडीची नाही."

४

परत आलो तेव्हा हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. मावशीनं चष्मा लावला आणि चिमट्यानं एकेक काच बाजूला काढायला सुरुवात केली. मी अंग चोरून उभा होतो.

"वास येतोय?"

"नाही."

"बरणीभर स्पिरिट सांडलं, आणि वास नाही."

"खिडकी उघडी होती ना. उडून गेला असेल."

"सगळ्यांनी तेच मानलं. म्हणूनच उघडली होती ती." तिनं थारोळ्यावर टीपकागद ठेवला, उचलला, आणि ओल्या जागेवरून बोट फिरवलं. "आता टेबल बघ. नीट बघ, टेबल आहे, आतडं नाही."

मी वाकून बघितलं. पॉलिश चकचकीत होतं. माझं तोंड त्यात दिसत होतं. आणि वीतभर अंतरावर माझाच कालचा पांढरा डाग.

मी एकदा डागाकडे, एकदा थारोळ्याकडे बघितलं. "मावशी, माझ्या एवढ्याशा बोळ्यानं डाग पडला, आणि बरणीभर सांडून..."

"काहीच नाही. कारण हे पाणी आहे. साधं नळाचं." तिनं चिमट्यानं तो काळपट गोळा उचलला आणि माझ्या नाकासमोर धरला. मी डोळे मिटले. "मिटू नकोस. ही चपलेची कातडी आहे असं समज आणि बघ."

तिनं तो मोडला. मोडताना कट्‌ असा आवाज झाला. बाहेरून ओला, लिबलिबीत. आतून जुन्या चामड्यासारखा कोरडा, तपकिरी. लाल रंगाचा चुरा तिच्या तळहातावर पडला. तिनं त्यावर खिशातल्या बाटलीतलं स्पिरिट थेंबभर टाकलं आणि वाट पाहिली. थेंब स्वच्छच राहिला.

"हा हिंगूळ आहे," ती म्हणाली. "दगडातून काढलेला रंग. जुनी माणसं हाच वापरत. स्पिरिटमध्ये शंभर वर्षं ठेव, सुटत नाही. तुझ्या त्या हाताचं आणि मूत्रपिंडाचं स्पिरिट पिवळं का, कळलं? सर खरं बोलतायत. हे संस्थापकांचंच काम आहे."

"मग झाड खरं होतं!"

"हे खरं आहे. पण हे कित्येक वर्षांत बरणीत नव्हतं. कुठल्यातरी खणात कोरडं पडलेलं होतं, काल वरून पाणी मारून इथं टाकलं." तिनं तुकडा खाली ठेवला. "काल तू ज्याचे फोटो काढलेस ते हे नव्हेच. त्याचा रंग सुटत होता. तुझा तो गुलाबी फोटो काढ."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "मी तो स्वच्छ केला, मावशी."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की टेबलावरच्या गोळ्याची जागा मला बरी वाटली.

"पण मूळ फोटो आहे," मी घाईघाईनं म्हणालो. "मूळ मी कधीच पुसत नाही."

"मग शाबूत आहेस," ती म्हणाली. "आता सांग. एक वार, ताटाएवढी. कुणालातरी ती लपवायचीय, आणि ती जपायचीही आहे. काल रात्रभर फाटकावर पहारा होता. बाहेर नेणं कठीण. इमारतीत ती कुठे ठेवशील?"

मी हॉलकडे नजर टाकली. कपाटामागून कपाट, फळीखाली फळी, बरणीला बरणी लागून.

"अरे देवा," मी म्हणालो.

५

मला फक्त उजेडाची कामं येतात. म्हणून ती मी केली. एक पांढरा पुठ्ठा घेतला, दिवा घेतला, आणि एकेका बरणीच्या मागे पुठ्ठा धरत निघालो. मागे पांढरं असलं की स्पिरिटमधली झाक लपत नाही. मावशी पलीकडच्या रांगेत होती. मधूनच तिचा आवाज यायचा, "बघतोयस ना? की डोळे मिटून चाललायस?"

निम्मे डोळे मिटलेलेच होते. मेंदू झाले, फुप्फुसं झाली. एक चेहरा होता, तिथे मी पुठ्ठ्यामागेच लपलो. पिवळं, पिवळं, गढूळ, पिवळं. घड्याळ पुढे सरकत होतं. खालच्या व्हरांड्यात अधिष्ठात्यांच्या बुटांचा आवाज येत होता. अध्यक्षांची गाडी येण्याआधी काही हाती लागलं नाही तर पोरीच्या हातात राजीनाम्याचा कागद देणार होते ते.

शेवटच्या कपाटाच्या तळाशी यकृतं होती. मोठाल्या, रुंद तोंडाच्या बरण्या. पुढची रांग बाजूला करून मी गुडघ्यांवर बसलो. मागच्या रांगेत एका बरणीची चिठ्ठी भिंतीकडे वळवलेली होती. समोरून नुसती जुनाट काच. मी दिवा टेकवला आणि पुठ्ठा मागे सरकवला.

पुठ्ठा गुलाबी दिसला.

मी बरणी फिरवली. काचेपलीकडे लाल आणि निळ्या फांद्या उजेडात पसरल्या. कालच्यासारख्याच, एकही मोडली नव्हती. त्या दिवसात पहिल्यांदाच मला घेरी आली नाही.

"मावशी!"

ती येऊन शेजारी बसली. तिचे गुडघे कुरकुरले. मग तिनं झाकणाची कड हुंगली.

"स्पिरिट आहे," ती म्हणाली. "ह्याचंच, कालचं. बघ, टेबलावर पाणी ओतलं आणि स्पिरिट झाडाला दिलं. एवढी काळजी." ती उठली. "बोलाव तिघांनाही. मला कळलं कुणी केलं. का केलं तेही कळलंय बहुतेक, आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं."

६

बरणी टेबलावर ठेवलेली पाहून संवर्धिकेच्या तोंडून हुंदका निघाला. अधिष्ठाते "हे काय?" एवढंच म्हणाले. सरांनी खुर्चीची पाठ धरली.

"झाड फुटलं नाही," मावशी म्हणाली. "कुणीतरी ते स्पिरिटसकट दुसऱ्या बरणीत हलवलं, मग रिकाम्या बरणीत पाणी भरून ती फोडली, वाळलेला जुना नमुना त्यात टाकला आणि खिडकी उघडून ठेवली. अधिष्ठाते, ते तुम्ही नाही. तुम्हाला झाड नको असतं तर तुम्ही ते फोडलंच असतं. कपाटापाशी बसून त्याला त्याचंच स्पिरिट पाजलं नसतं."

अधिष्ठात्यांना हे कौतुक आहे की अपमान, ते ठरवता येईना.

"आणि मुलगी पण नाही. तिच्या गळ्यात स्पिरिटच्या कपाटाची किल्ली आहे. तिला नाटक करायचं असतं तर तिनं खरं स्पिरिट सांडलं असतं आणि हे टेबल पांढरंफटक झालं असतं. पाणी वापरलं ते अशा माणसानं, ज्याला तिच्याकडे न मागता स्पिरिट मिळत नाही. ज्याच्या खणात जुना नमुना होता. जो तुकड्यांचा नमुना घ्या, घ्या म्हणून माझ्या मागे लागला, कारण तुकडे खरे होते आणि झाड खरं नव्हतं." ती सरांकडे वळली. आवाज खाली आला. "सर, संस्थापकांचं झाड केव्हा वाळलं?"

सर खुर्चीत बसले.

"ही व्हायची होती तेव्हा," ते मुलीकडे न बघता म्हणाले. "हिच्या आईला अंथरुणातून उठायला बंदी होती. मी तिच्यापाशीच असायचो. उन्हाळाभर हॉलचं कुलूप कुणी काढलं नाही. आलो तर झाकण तडकलेलं, बरणी कोरडी, आणि आत हे." त्यांनी त्या गोळ्याकडे बोट केलं. "तेव्हाचे अधिष्ठातेही हॉल मागत होते. झाड गेलं हे कळतं तर दुसऱ्या दिवशी कपाटं बाहेर काढली असती. मी हिच्या आईला सांगितलं. नंतर ही झाली, आणि दाईनं वार भांड्यात काढली, तेव्हा ती म्हणाली, टाकू देऊ नका. माझी सुई आणा."

सर आता मुलीकडे वळले.

"दवाखान्याच्या खाटेवर बसून भरले तिनं रंग. ताजेपणीच भरावे लागतात, नाहीतर वाहिन्या मिटतात. तू तिच्या कुशीत होतीस. तू रडलीस की सुई खाली ठेवायची, तुला पाजायची, पुन्हा उचलायची. घाईत बाजारात मिळाला तो रंग आणला मी. सुटणारा आहे हे तिला माहीत होतं. म्हणाली, सुटू दे, दर वर्षी मी स्पिरिट बदलेन." त्यांनी चेहरा पुसला. "दोनच वेळा बदललं तिनं. मग मी."

संवर्धिका बरणीकडे बघत होती.

"म्हणजे ही वार..."

"तुझी. आणि तिची."

"मी तुम्हाला किती वेळा विचारलं, आईच्या हातचं काही आहे का?"

"सांगितलं असतं तर तुलाही खोटं बोलावं लागलं असतं. प्रत्येक पाहुण्याशी. रोज."

"आणि आज सकाळी?" तिचा आवाज चढला. "राजीनामा मागत होते तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात! माझ्या शेजारी!"

"आळ वाऱ्यावर जाईल असं वाटलं होतं मला," सर कसेबसे म्हणाले. "तुझ्यावर येईल असं नव्हतं वाटलं. आणि आल्यावर... तोंड उघडलं असतं तर सगळाच संग्रह खोटा ठरला असता. मी विचार केला, तुला दुसरी नोकरी मिळेल. याला दुसरी जागा नाही." ते उठून उभे राहिले. "मी चुकलो, बाळ."

ती त्यांच्याजवळ गेली नाही. बरणीजवळ गेली. वाकून तिनं झाकणाच्या कडेवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"झाकण नीट बसलेलं नाही," ती म्हणाली. "स्पिरिट उडतंय, बाबा."

हॉलमध्ये तिला त्यांना बाबा म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. तिनं गळ्यातली किल्ली काढली आणि स्पिरिट आणायला मागच्या खोलीत गेली. डोळे पुसायला गेली असणार, पण येताना स्पिरिटही आणलं, आणि मेणही.

अध्यक्ष आले. मावशीनं त्यांच्यापासून काहीही लपवलं नाही. ते तिला जमतच नाही. अधिष्ठात्यांनाही तिनं बोलू दिलं. मला वाटलं, ते आता हॉल मागणार. ते म्हणाले, "या मुलीचा राजीनामा मी मागितला होता. तो शब्द मागे घेतो," आणि बूट वाजवत निघून गेले. मला तो माणूस जरासा आवडला, पण हे मी मावशीला सांगितलं नाही.

अध्यक्षांनी दोन्हींसमोर बराच वेळ काढला. आधी त्या वाळक्या गोळ्यासमोर, मग बरणीसमोर. "हे असं होतं," मावशी गोळा दाखवून त्यांना म्हणाली, "पैसे वेळेवर आले नाहीत की. आणि हे," तिनं बरणीवर हात ठेवला, "माणसं काय करतात, पैसे आले नाहीत तर. दोन्ही जपण्यासारखं आहे." न्यासानं मदत दिली. दोन अटी घातल्या. सरांनी पद सोडायचं, आणि दोन्ही झाडं शेजारी शेजारी ठेवून जे खरं आहे ते लोकांना सांगायचं.

नवं छत झाल्यावर संग्रहालय पुन्हा उघडलं, तेव्हा मावशीनं मला परत फोटो काढायला नेलं. या वेळीही फुकटच. मधल्या कपाटात संस्थापकांचं वाळलेलं झाड होतं आणि त्याच्या बाजूला बरणी. शाळेतल्या मुलींचा एक घोळका काचेला नाकं लावून उभा होता. संवर्धिका त्यांना सांगत होती. घोळक्याच्या मागे, तिकीट हातात धरून, सर उभे होते. बाकीच्या पाहुण्यांसारखेच.

"ही कुणाची आहे?" एका मुलीनं बरणीकडे बोट दाखवून विचारलं.

"माझी," संवर्धिका म्हणाली. "रंग माझ्या आईनं भरलेत."

मुलगी आळीपाळीनं तिच्याकडे आणि बरणीकडे बघत राहिली. संवर्धिकेनं मागे उभ्या सरांना पाहिलं आणि घोळक्यातून वाट काढून त्यांना पुढे, काचेपाशी आणून उभं केलं.

मी तेव्हाच फोटो काढला. स्पिरिट नुकतंच बदललेलं होतं, तरी झाक आलीच होती. ती मी तशीच ठेवली.